जोतीरामचं खोलगट भिंग

सांगलीला गणपती पेठेत माझा फोटोचा स्टुडिओ होता. शेजारी, भिंतीला भिंत लागून, चष्म्याचं दुकान. सेहेचाळीस सालच्या दसऱ्याला त्या दुकानात एक नवा माणूस काच घासायच्या चाकावर बसलेला दिसला. पलटणीतून सुटून आलेला, पस्तिशीचा, अंगानं काटक. खाकी सदऱ्याच्या खांद्यावरचे पट्टे उसवून काढलेले. नाव जोतीराम पुकळे. माणदेशातला, म्हसवडच्या पलीकडचा. घराणं मेंढरं राखणारं. त्यातला हा एकटा लढाईत जाऊन दुर्बिणी दुरुस्त करायला शिकून आला होता.

पाच महिने आम्ही शेजारी होतो आणि त्या पाच महिन्यांत आमचं बोलणं ‘राम राम’च्या पुढं गेलं नाही. तो दुकानाच्या मागच्या खोलीत राहायचा. भाकरी स्वतः थापायचा. सणासुदीला त्याचे मालक घरी जेवायला बोलवायचे, तर काहीतरी काम पुढं करून टाळायचा. मला वाटायचं, माणूस घुमा आहे. माझं घर माणसांनी भरलेलं. एकटं राहणाऱ्याचा विचार करायला मला सवड नव्हती.

सत्तेचाळीसच्या मार्चमध्ये तो माझ्या दारात येऊन उभा राहिला.

“भाऊसो, क्यामेऱ्याला आतनं लावायचा काळा रंग हाय का? चकाकी नसल्याला.”

“आहे. कशाला पाहिजे?”

“नळीला लावायचाय. उजेड आतल्या आत उडतोय.”

रंग दिला, पण राहवेना. कसली नळी विचारलं तेव्हा म्हणाला, “संध्याकाळी नदीवर या. दाखवतो.”

आयर्विन पुलाच्या खाली, पाणी आटलं की कृष्णेचं वाळवंट उघडं पडतं. दिवेलागण झाल्यावर मी तिथं गेलो. त्यानं लाकडाच्या तीन पायांच्या तिकाटण्यावर एक पितळी दुर्बीण बांधली होती. सिग्नलवाल्या पलटणीत असायची तसली, तीन नळ्या एकीतून एक बाहेर येणारी. पुण्याच्या जुन्या बाजारात लढाईचं सामान विकायला निघालं, तेव्हा घेतलेली.

“आधी नुसतं बघा,” तो म्हणाला.

मी डोळा लावला. एक पिवळसर ठिपका, जरा लांबट. “अंड्यासारखं दिसतंय.”

“व्हय. आता सरा.” त्यानं डोळ्याकडची नळी ओढून काढली, तिच्यापुढं बोटभर लांबीची दुसरी नळी बसवली, परत सरकवली, वाकून नीट केली. “आता बघा.”

मी पाहिलं आणि बराच वेळ डोळा काढला नाही. एक लहानशी गोळी, आणि तिच्याभोवती कडं. गोळीला कुठंही न टेकलेलं. कड्याच्या आणि गोळीच्या मधून काळं आभाळ दिसत होतं.

“शनी हाय,” जोतीराम म्हणाला.

शनीचं नाव ऐकून मी थोडा मागं सरलो. आमच्या घरी शनिवारी तेल घालायची पद्धत होती. त्याच्या ते लक्षात आलं असावं. मी विचारलं, “त्या बोटभर नळीत आहे काय?”

“बारलोचं भिंग. बारलो म्हणून कुणी सायब हुता म्हणं, त्यानं काढलं. खोलगट असतंय, मधी पातळ, कडंला जाड. दुर्बिणीचं पुढचं भिंग उजेड गोळा करून आत एका टोकाला आणतंय. त्या टोकाच्या जरा अलीकडं ह्ये ठिवायचं. मग उजेड तितंच गोळा हुत न्हाई, जरा लांब जाऊन हुतो. जितका लांब जाईल, तितकं मोठं दिसतंय.”

“मग फुकटात दुप्पट झालं की.”

“फुकट न्हाई. मोठं हुतंय तितकं फिकं पडतंय. आन दुर्बीण एवढीशी हालली तर ह्यात दुप्पट हालतंय.”

“भिंग कुठून आणलंत?”

त्यानं दुर्बिणीचं तोंड फडक्यानं झाकलं. तिकाटण्याचे पाय एकेक करून मिटले. मग म्हणाला, “बायकोच्या चष्म्याचं हाय.”

त्याच्या बायकोची हकिकत मला एकदम कळली नाही. त्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा आम्ही वाळवंटात जायचो. कधी तो दोन वाक्यं सांगायचा, कधी काहीच नाही. तुकडे जोडून जुळवली ती अशी.

हरणाबाईची नजर लहानपणापासून अधू. वितीच्या अंतरापलीकडचं सगळं तिला धुरकट दिसायचं. मेंढरं तिला आवाजावरून ओळखू यायची. गावात तिला आंधळी म्हणत आणि तीही स्वतःला तसंच समजे. एक्केचाळीसच्या उन्हाळ्यात जोतीराम रजेवर आला, तेव्हा त्यानं तिला मिरजेला दवाखान्यात नेलं. डोळे तपासले. दहा नंबरचा चष्मा निघाला, लांबचं बघायचा. तो घालून ती घरी आली, रात्री भांडी घासायला अंगणात बसली आणि सहज वर बघितलं.

“मला हाक मारली,” जोतीराम सांगत होता. “म्हणली, ह्ये काय हाय वर सगळं? म्हणलं, चांदण्या. म्हणली, एवढ्या असत्यात व्हय? मला वाटायचं लोक उगंच म्हणत्यात.”

तिनं तिशी गाठली होती आणि तोवर चांदणी पाहिली नव्हती. रजेचे आठ दिवस उरले होते. आठही रात्री ती जेवणानंतर अंगणात उभी राहायची आणि तो तिला दाखवायचा: ही कृत्तिका, हा मृगाचा बाण, हा सप्तर्षीचा चौकोन. मेंढक्यांना ही नावं ठाऊक असतातच. नवव्या दिवशी तो गेला.

पुढं बगदादच्या बाजूला पलटणीच्या वर्कशॉपमध्ये तो साडेतीन वर्षं होता. तिची पत्रं शाळेतले मास्तर लिहून द्यायचे. पाऊस कसा आहे, मेंढरं किती व्याली, सासूबाईंचे गुडघे. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ: चांदण्या दिसतात. त्याच वर्कशॉपात, त्रेचाळीसच्या थंडीत, एका गोऱ्या सार्जंटानं दुरुस्तीला आलेल्या मोठ्या दुर्बिणीला खोलगट भिंग जोडून त्याला पहिल्यांदा शनी दाखवला. गेल्यावर हरणाला हे दाखवायचं, असं त्यानं ठरवलं. चव्वेचाळीसच्या श्रावणात ती तापानं गेली. त्याला कळलं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती.

सुटून घरी आला तेव्हा थोरल्या भावानं चष्मा आणून हातात दिला. एका काचेला तडा होता. दुसरी शाबूत होती.

“ती काच नळीत बसंना. म्हणून चाकावर घासून बारकी केली,” तो म्हणाला. “घासताना दोनदा थांबलो. एकदा घासली की परत फ्रेमीत बसत न्हाई.”

मला काहीतरी बोलावं असं वाटलं. म्हणालो, “म्हणजे तुम्ही तिच्या नजरेनं बघता म्हणायचं.”

“न्हाई भाऊसो. तसं न्हाई वाटत.” त्यानं थोडा विचार केला. “ती हितं हाय असंबी न्हाई वाटत. नुसतं मोठं दिसतंय.”

त्यानंतर मी असलं बोलणं पुन्हा काढलं नाही.

अठ्ठेचाळीसच्या सुरुवातीला आम्ही चंद्राचा फोटो काढायचं मनावर घेतलं. कल्पना माझी. माझ्या जुन्या कॅमेऱ्याचं भिंग काढून टाकलं आणि नुसती पेटी दुर्बिणीच्या मागं बांधली. बारलोशिवाय फोटोच्या काचेवर चंद्र ज्वारीच्या दाण्याएवढा उमटला. बारलो लावल्यावर चिंचोक्याएवढा. पेटी आणखी मागं सरकवली की आणखी मोठा, पण मग इतका अंधुक की काचेवर काही येईना. चार काचा वाया गेल्या. दोनदा वाऱ्यानं तिकाटणं हाललं. पाचव्या काचेला जोतीराम तिकाटण्याच्या पायांवर वाळूची पोती ठेवून श्वास धरून बसला आणि मी टोपण काढून एक म्हणेपर्यंत लावलं. अंधाऱ्या खोलीत काच धुतली तेव्हा त्यावर खड्डे, डाग, उजेड-अंधाराच्या सीमेवरची करवतीसारखी कडा, सगळं होतं.

मी दोन प्रती काढल्या. एक स्टुडिओत लावली. तिच्याकडं बोट दाखवून गिऱ्हाइकं विचारत आणि मी फुशारकीनं सांगत असे. दुसरी त्याला दिली. त्यानं ती बराच वेळ बघितली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत ठेवली.

“भिंतीला लावा की,” मी म्हणालो.

“खोलीत येतंय कोण?”

शनीचाही प्रयत्न केला. काचेवर नखाच्या ओरखड्याएवढी पुसट रेघ आली. तो फोटोचा विषय नव्हे, हे आम्ही मान्य केलं.

त्याच दिवसांत त्याला एका शंकेनं धरलं. शनीचं कडं गेल्या वर्षीपेक्षा चपटं दिसतंय, असं तो म्हणायला लागला. मला काही फरक कळत नव्हता. पण तो पुरावा ठेवत होता. त्याला चित्र काढता येत नव्हतं, म्हणून त्यानं चष्म्याच्या फ्रेमीची पितळी तार वाकवून, दिसलं तसं लांबट कडं करून ठेवलं होतं. सत्तेचाळीसचं एक, अठ्ठेचाळीसचं एक. शेजारी ठेवल्यावर मलाही दिसलं.

“बगदादला बघितलं तवा लय उघडं हुतं,” तो म्हणाला. “ह्या भिंगाचा दोष असंल. हरणाच्या नजरंत तिरकस नंबर असंल तर काच एका अंगानं दाबून दाखवती.”

त्यानं त्याची परीक्षा कशी करायची तेही शोधलं. नळीत भिंग थोडं थोडं फिरवत गेला. दोष भिंगात असता तर दाबलेली बाजूही फिरली असती. भिंग पूर्ण एक फेरा फिरलं. कडं होतं तसंच चपटं राहिलं. तो खाली वाळूत बसला. “काच चांगली हाय तिची,” एवढंच म्हणाला.

मे महिन्यात त्याचा थोरला भाऊ दादासो सांगलीला आला. धोतर, खांद्यावर घोंगडं, हातात काठी, आणि कुणाशीही चार मिनिटांत ओळख करणारा माणूस. जोतीरामचं दुसरं लग्न लावायचं म्हणून आला होता. मुलगी बघून ठेवली होती. संध्याकाळी आम्ही तिघं वाळवंटात गेलो. दादासोनं चंद्र बघितला, हसला, परत बघितला. शनी बघायला मात्र तयार होईना.

“नको रं. घरी लेकरं हायती. तू बघ तुला बघायचं तर.” मग माझ्याकडं वळून म्हणाला, “आवं, तुमी तरी सांगा ह्याला. रोज शनीम्होरं उभा ऱ्हातोय. संसार कसा हुईल?”

“दादा, मला करायचं न्हाई लगीन,” जोतीराम म्हणाला. “मी सांगितलंय.”

“किती दिस असा ऱ्हाशील? हरणा गेली त्याला चार वर्सं झाली. तिलाबी ह्येच येड लावून गेलतास. वर बघत उभं ऱ्हायचं.”

“मग? काय बिघडलं?”

दादासो घोंगडं सावरत राहिला. बोलून बसला होता आणि आता मागं घेता येत नव्हतं. “आईला आवडत नव्हतं, जोत्या. बाईमाणसानं रातचं अंगणात वर बघत उभं ऱ्हावं, गाव काय म्हणंल. तू गेलास त्या दिवाळीला आईनं चष्मा काढून घेतला. कणगीत ठिवला हुता. त्यातच तडकला.”

“कवा दिला परत?”

“दिला न्हाई. तुलाच दिला, आलास तवा.”

नदीपलीकडं कुणीतरी म्हशी हाकत होतं. मी मनाशी हिशेब केला. जोतीरामनं तर केव्हाच केला असणार. चष्मा तिच्याजवळ पाच-सहा महिने राहिला. पुढची अडीच-पावणेतीन वर्षं ती पूर्वीसारखीच धुरकटात वावरली, आणि महिन्याच्या महिन्याला मास्तरांपुढं बसून शेवटची ओळ सांगत राहिली.

“पत्रात तर लिवायची,” जोतीराम म्हणाला.

“तू परमुलखात हुतास. तुला कशाला घोर, म्हणायची. मला ठावं हुतं. मी बोललो न्हाई आईला. ती माझी चूक हाय.”

जोतीराम चिडला नाही. भावाला खोलीवर घेऊन गेला, पिठलं-भाकरी करून वाढली, सकाळी मोटारीत बसवून दिलं. मग आठ दिवस तो कुणाशी बोलला नाही. त्यानंतर बोलायला लागला, पण दुर्बीण खोलीतल्या खिळ्यालाच टांगलेली राहिली. पावसाळा आला, नदी भरली, उतरली. मी एक-दोनदा विषय काढून पाहिला. तो म्हणायचा, “बघू.” संध्याकाळी मी घरी जायला निघायचो तेव्हा त्याच्या खोलीची कडी आतून लावलेली असायची आणि फटीतून कंदिलाचा उजेड दिसायचा. मी दार वाजवायला पाहिजे होतं. घरी पोरं वाट बघत, म्हणून मी जात राहिलो.

एकोणपन्नासच्या फेब्रुवारीत तो आपणहून आला. “भाऊसो, आज आभाळ निवळ हाय. येताय?”

शनी मघा नक्षत्रापाशी होता. जोतीरामनं बराच वेळ बघितलं आणि त्याच रात्री तिसरी तार वाकवली. ती पहिल्या दोन्हींपेक्षा निमुळती होती, जवळजवळ सुईसारखी.

“माझी नजर चुकत नसंल,” तो म्हणाला, “तर कडं मिटत चाललंय. ह्ये कुणाला तरी इचारलं पायजे.”

साताऱ्याच्या हायस्कुलात मला गणिताला शेणोलीकर मास्तर होते. त्यांना आकाशाचा नाद होता हे आठवत होतं. चौकशी केली तेव्हा कळलं की अठ्ठेचाळीसच्या जाळपोळीत त्यांचं घर गेलं. मुलगा-सून पुण्याला निघून गेली. मास्तर मात्र साताऱ्यातच एका भाड्याच्या खोलीत राहतात. एका रविवारी आम्ही गाडीनं गेलो.

दार उघडंच होतं. मास्तर पाटावर बसले होते. मी नाव सांगितलं, तेव्हा त्यांनी आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. काचबिंदूनं त्यांची दोन्ही डोळ्यांची नजर गेली होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जोतीरामनं माझ्याकडं बघितलं. आता काय दाखवायचं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. मग त्यानं खिशातून तिन्ही तारा काढल्या आणि मास्तरांच्या हातात ठेवल्या.

“हे काय आहे?”

“शनीचं कडं हाय. तीन सालचं. जसं दिसलं तसं वाकवलंय.”

मास्तरांनी एकेक तार बोटांनी चाचपली. लांबी बघितली, रुंदी बघितली, परत लांबी. मग पाटापुढं जमिनीवर ओळीनं मांडल्या. “सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस. ही यंदाची.” ओळ बरोबर होती. “पहिल्यात लांबी रुंदीच्या तिप्पट, दुसऱ्यात चौपट, यंदा सहापट. हे तुम्ही कुठल्या पुस्तकात वाचलंत?”

“वाचलं न्हाई. बघितलं.”

मास्तरांनी तारा परत गोळा केल्या. मग वर्गात सांगायचे तसं सांगू लागले. शनीचं कडं तिरपं आहे, आपण ते कधी वरून बघतो, कधी खालून, आणि मधे एकदा बरोबर कडेवरून. कागद कडेवरून धरला की दिसत नाही, तसं तेव्हा ते दिसत नाही. “पुढच्या सालच्या सप्टेंबरात तसं होणार आहे. पण त्या दिवसांत शनी सूर्याजवळ असेल. आपल्याला बघायला मिळणार नाही.”

“म्हंजे जाताना दिसणार न्हाई,” जोतीराम म्हणाला.

“नाही. नंतर पुन्हा उघडायला लागेल. सात-आठ वर्षांत पुरतं उघडं.”

जोतीरामनं मान हलवली. मास्तरांना ती दिसली नाही, म्हणून तो तोंडानं “व्हय” म्हणाला.

मग मास्तरांनी विचारलं, दुर्बीण कसली, मोठं कशानं करता. जोतीरामनं सगळं सांगितलं. भिंग कुणाच्या चष्म्याचं हेही सांगितलं, न विचारता. मला आश्चर्य वाटलं. मास्तर भिंतीला हात लावत उठले, कोपऱ्यातली ट्रंक उघडली, चाचपून एक मखमली डबी काढली. आत पितळी नळीत बसवलेलं खोलगट भिंग होतं. दोन काचा एकावर एक चिकटवून केलेलं, विलायतेचं.

“दुर्बीण जळाली. ही ट्रंक मागच्या दारानं निघाली, त्यात एवढं राहिलं. एका काचेच्या बारलोत रंगाची किनार येते, यात येत नाही. घेऊन जा.”

“मी कसं घेऊ?”

“मी ठेवून काय करू? फुकट देत नाही. महिन्यातून एकदा येऊन काय दिसलं ते सांगायचं. ताराही आणायच्या.”

सांगलीला आल्यावर त्यानं नवं भिंग बसवलं. मीही पाहिलं. आधी गोळीच्या एका अंगाला निळसर, दुसऱ्या अंगाला तांबूस झाक असायची; ती गेली. कड्याची गोळीवर पडलेली सावली काळ्या धाग्यासारखी स्पष्ट दिसली. जोतीराम कितीतरी वेळ डोळा लावून वाकून उभा होता. हरणाबाईच्या चष्म्याच्या काचेचं त्यानं काय केलं, ते मी विचारलं नाही.

दर महिन्याच्या एका रविवारी तो साताऱ्याला जायला लागला. मग दोन रविवारी. मास्तर प्रश्न विचारत, तो आठवून सांगे. आठवलं नाही तर पुढच्या खेपेला नीट बघून जाई. परत आल्यावर तो मला मास्तरांनी काय विचारलं ते सांगायचा, आणि असं सलग बोलताना मी त्याला प्रथमच ऐकत होतो. दिवाळीच्या आधी एकदा म्हणाला, “मास्तरांच्या शेजारची खोली मोकळी झालीय. साताऱ्यात चष्मे नीट करणारा कुणी न्हाई म्हणत्यात.”

“जाणार म्हणता?”

“त्यास्नी भाकरी करून घालायलाबी कुणी न्हाई.”

चांगलं आहे, म्हणालो.

दिवाळीच्या पाडव्यानंतर मी त्याला गाडीवर सोडायला गेलो. सामान म्हणजे ट्रंक, वळकटी आणि गोणपाटात बांधलेली दुर्बीण. ती त्यानं वर ठेवली नाही, मांडीवर घेतली. गाडी सुटायला वेळ होता.

“भाऊसो, तुमी दोन-अडीच वर्सं वाळवंटात येऊन उभं ऱ्हायलात,” तो म्हणाला. “घरी माणसं असताना.”

“मला आवडायचं.”

“मला वाटायचं, माझ्यासाठी येताय.”

गाडी हलली, त्यानं हात वर केला, मीही केला.

स्टेशनावरून स्टुडिओत परतलो. शेजारच्या दुकानात चाकावर अजून कुणी बसलं नव्हतं. दोन गिऱ्हाइकं होती, त्यांचे फोटो काढले, काचा धुवायला टाकल्या. अंधार पडायच्या आत दुकान बंद केलं आणि घरी आलो. पोरं ओसरीवर खेळत होती. माझी बायको अंजना चुलीपासून उठून आली.

“आज लवकर? नदीवर न्हाई गेलासा?”

“नाही,” मी म्हणालो, आणि पाय धुवायला मागल्या दारी गेलो.